१०४५'६ म्हणजे नक्की किती?

शिकागोच्या वायद्याच्या, म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात माल देण्याघेण्याच्या कराराच्या, स्क्रीनवर सोयाबीनपुढे १०४५'६ असा आकडा असतो आणि पहिल्यांदा बघणारा माणूस तिथेच अडखळतो. हे डॉलर आहेत का, आणि डॉलर असतील तर कशाचे, टनाचे की पोत्याचे, आणि मध्ये ती वर लटकलेली छोटी रेघ कशाची? मला हा आकडा फार आवडतो. रोज बघते तरी आवडतो. कारण यात जेवढं दिसतं त्याच्या चौपट न लिहिलेलं असतं, आणि ते न लिहिलेलं ज्याला वाचता येतं त्यालाच भाव कळतो, बाकीच्यांना नुसता आकडा कळतो.

तर, हे सेंट आहेत. एका बुशेलचे. रेघेच्या पुढचा आकडा म्हणजे सेंटाचे आठ भाग केले त्यातले किती. म्हणजे १०४५ सेंट आणि वर सहा अष्टमांश, म्हणजे पाऊण सेंट. डॉलरात १०.४५७५. ज्याने त्या ६ ला दशांश समजून १०४५.६ वाचलं त्याचा हिशोब ०.१५ सेंटने चुकला, आणि हे ऐकायला किरकोळ वाटतं पण सोयाबीनचा एक वायदा पाच हजार बुशेलचा असतो, त्यामुळे सगळं पाच हजाराने गुणलं जातं. भाव कमीत कमी पाव सेंटाने हलतो आणि पाव सेंट म्हणजे एका लॉटमागे, म्हणजे अशा एका वायद्यामागे, साडेबारा डॉलर. आणि म्हणूनच त्या रेघेपुढे सोयाबीनच्या मुख्य वायद्यात कायम ०, २, ४ किंवा ६ च दिसणार, ३ किंवा ५ कधीच नाही. ऑप्शनमध्ये, म्हणजे वायदा घेण्याच्या किंवा विकण्याच्या नुसत्या हक्काच्या सौद्यात, मात्र अष्टमांशाने भाव हलतो, तिथे विषम आकडे दिसतात. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या वेळी डोळा आपोआप थांबतो.

आता बुशेल. खरा गुंता इथे आहे आणि खरी मजाही.

बुशेल हे मुळात वजन नाहीच. ते भांडं आहे. इंग्लंडातलं जुनं विंचेस्टर बुशेल म्हणजे साडेअठरा इंच व्यासाचं आणि आठ इंच खोल असं गोल माप, त्यात २१५०.४२ घन इंच माल मावतो, आपल्या हिशोबाने साधारण ३५.२४ लिटर. ब्रिटनने १८२४ मध्ये इंपीरियल मापं आणली आणि बुशेल थोडं मोठं केलं, अमेरिकेने जुनंच ठेवलं. म्हणजे नाव एक आणि भांडी दोन. जुन्या आकडेवारीत ब्रिटिश आणि अमेरिकन बुशेल शेजारी शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

पण भांड्याने मोजण्यात किती भानगडी असतात बघा. माप सपाट भरायचं की शीग लावून? धान्य हळूच ओतायचं की उंचावरून, कारण उंचावरून ओतलं की दाणे गच्च बसतात आणि जास्त मावतात. भरताना माप हलवायचं की नाही? वरून फळी फिरवून सपाट करणारा हात विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? कायद्यात आकार पक्का करता येतो, हात पक्का करता येत नाही. आणि दाणे बारीक चिरमटलेले असतील तर तेच माप भरतं पण आत जीव कमी असतो. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे असतील तर हे सगळं बोलून, भांडून मिटतं. समोर नसतील तर काय करायचं?

शिकागोत नेमका हाच प्रश्न आला. १८४८ मध्ये तिथे बोर्ड ऑफ ट्रेड स्थापन झालं, त्याच सुमारास रेल्वे आणि कालवा आला, आणि आजूबाजूच्या प्रेअरीतलं, म्हणजे सपाट गवताळ मुलखातलं, धान्य इतकं यायला लागलं की ते पोत्यापोत्याने उचलणं अशक्य झालं. तोवर प्रत्येक शेतकऱ्याचं धान्य त्याच्या पोत्यात, त्याच्या नावाने, विकलं जाईपर्यंत वेगळं राहायचं. त्याआधी काही वर्षं बफेलोत जोसेफ डार्टने वाफेवर चालणारं एलेव्हेटर उभं केलं होतं, पट्ट्याला बादल्या लावून धान्य वर खेचायचं आणि उंच कोठारात ओतायचं. शिकागोने ही युक्ती मोठ्या प्रमाणावर उचलली. पण एलेव्हेटरला पोती चालत नाहीत, त्याला धान्य पाण्यासारखं वाहतं लागतं. आणि धान्य वाहायला लागलं की कुणाचं कुठलं हे संपलं, सगळ्यांचं एकत्र. मग शेतकऱ्याच्या हातात उरते एक पावती. त्या पावतीवर काय लिहायचं? किती, आणि कसलं.

'किती' चं उत्तर त्यांनी वजनात दिलं, भांड्यात नाही. बुशेल हे नाव ठेवलं आणि आतून त्याचा अर्थ बदलून टाकला: गव्हाचं बुशेल म्हणजे ६० पौंड, मक्याचं ५६, बार्लीचं ४८, ओटचं ३२. पुढे सोयाबीन आलं ते ६० वर. हे आकडे ढोबळमानाने त्या जुन्या भांड्यात त्या त्या धान्याचं जेवढं वजन मावायचं त्यावरून आलेले आहेत. 'कसलं' चं उत्तर म्हणजे प्रतवारी, १८५६ मध्ये बोर्डाने गव्हाचे पांढरा हिवाळी, लाल हिवाळी आणि वसंती असे वर्ग पाडले आणि मग प्रतीत क्रमांक आले. त्यानंतर एकाच क्रमांकाचे दोन ढीग म्हणजे व्यवहारापुरता एकच ढीग. १८६५ मध्ये वायद्याचे प्रमाणित करार आले ते या दोन उत्तरांवर उभे राहून. न बघितलेला माल, न भेटलेल्या माणसाकडून, अजून न उगवलेला, विकत घ्यायचा, तर आधी माप आणि प्रत यावर दोघांचा विश्वास पाहिजे. मला खरंच वाटतं की माणसांनी केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक आहे आणि याचं कौतुक फार कमी होतं, सट्टेबाजीच्या गोष्टी मात्र सगळ्यांना पाठ असतात.

तर या वजनांचा पहिला व्यावहारिक परिणाम असा की मका आणि सोयाबीनचे बुशेलचे भाव सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. सोयाबीन १० डॉलर आणि मका ४ डॉलर असेल तर बुशेलमागे अडीचपट. पण एकाचं बुशेल २७.२२ किलोचं आणि दुसऱ्याचं २५.४० किलोचं, म्हणून किलोमागे २.३३ पटच. आता गंमत अशी की अमेरिकेतला शेतकरी पेरणीआधी नोव्हेंबर सोयाबीन भागिले डिसेंबर मका असं गुणोत्तर बघतो आणि ते बुशेलवरच बघतो, आणि त्याचं बरोबर आहे, कारण त्याचं उत्पादनही एकरी बुशेलमध्येच मोजलेलं असतं, त्याला किलोशी घेणंदेणं नाही. किलोचा भाव लागतो तो जनावरांचं खाद्य बनवणाऱ्याला. म्हणजे प्रश्न कोण विचारतंय त्यावर माप ठरतं.

टनात न्यायचं असेल तर दोन आकडे पाठ करावेत, बाकी सोडून द्या. गहू आणि सोयाबीन ३६.७४, मका ३९.३७. बुशेलचा डॉलरमधला भाव याने गुणला की मेट्रिक टनाचा भाव. १० डॉलरचं सोयाबीन म्हणजे टनाला ३६७ डॉलर, साडेचार डॉलरचा मका म्हणजे १७७. क्विंटलमध्ये विचार करणाऱ्याने ३.६७ आणि ३.९४ धरावं. बातमीत 'सोयाबीन २० सेंटनी घसरलं' असं येतं तेव्हा मी मनात लगेच तीन गोष्टी करते, टनाला सव्वासात डॉलरच्या थोडं वर, एका लॉटमागे हजार डॉलर, आणि भाव दहाच्या आसपास असेल तर दोन टक्के. मग ती बातमी मोठी की छोटी ते कळतं. नुसत्या २० सेंटवरून काहीच कळत नाही, कारण मक्यात २० सेंट म्हणजे भूकंप आणि सोयाबीनमध्ये एखादा वाईट दिवस.

टन म्हटलं तरी सुटका नाही हे पण सांगून ठेवते. सोयापेंडेचा शिकागोतला भाव शॉर्ट टनाला असतो, म्हणजे २००० पौंड, ९०७ किलो. पेंड ३०० डॉलर दिसली तर मेट्रिक टनाला ती साधारण ३३१ पडते, दहा टक्के फरक, आणि दहा टक्के फरकात धंद्यातला अख्खा नफा वाहून जातो. सोयातेलाचा भाव तर पौंडाला सेंटमध्ये. म्हणजे एकाच दाण्याच्या तीन गोष्टी, बी, पेंड आणि तेल, एकाच बाजारात तीन वेगवेगळ्या मापांत विकल्या जातात.

आणि तरी त्यांना एकत्र बांधणारं गणित फार देखणं आहे. एक बुशेल सोयाबीन, ६० पौंड, गाळलं की साधारण ११ पौंड तेल निघतं, ४४ पौंड उच्च प्रथिनांची पेंड, बाकी टरफल आणि थोडी घट. आता समजा पेंड ३०० डॉलर शॉर्ट टन आहे, तेल ४५ सेंट पौंड आहे आणि बी १०.२० डॉलर. ४४ पौंड म्हणजे २००० चा ०.०२२ भाग, म्हणून पेंडेचे ६ डॉलर ६० सेंट. तेलाचे ११ गुणिले ४५, म्हणजे ४ डॉलर ९५. मिळून ११.५५. त्यातून बियाचे १०.२० वजा केले की १ डॉलर ३५ सेंट उरले, हे गाळपाचं ढोबळ मार्जिन, यातून गिरणीने वीज, मजुरी, सगळं भागवायचं. (आकडे मी समजावायला घेतलेत, आजचे नाहीत.) या बेरजेत तेलाचा वाटा जवळपास ४३ टक्के येतो. हा वाटा मी फार बारकाईने बघते, कारण अमेरिकेत सोयातेल डिझेलच्या जागी जाळायला जायला लागल्यापासून तेलाचं वजन या बेरजेत वाढलंय, आणि गिरण्या तेलासाठी गाळायला लागल्या की पेंड आपोआप जास्त निघते, तिला गिऱ्हाईक असो नसो, आणि मग पेंड स्वस्त होते. बियाचा एकटा भाव बघून हे कधीच दिसत नाही.

आता परत जरा त्या एलेव्हेटरच्या दारात जाऊ, कारण बुशेल कागदावर पक्कं असलं तरी ट्रकमध्ये ते पक्कं नसतं.

ट्रक काट्यावर येतो. वरून एक लांब नळी धान्यात खुपसतात, वेगवेगळ्या जागी आणि खोलपर्यंत, म्हणजे वरचा चांगला थर दाखवून खालचा माल खपवता येऊ नये. त्या नमुन्याचं एक छोटं नाटक होतं. पितळेसारखं किंवा स्टीलचं एक भांडं, एका क्वार्टचं, म्हणजे बुशेलचा बत्तिसावा भाग. वर नरसाळं, ठरलेली उंची, खालचा पडदा सरकवला की दाणे भांड्यात पडतात आणि शिगेने भरून वाहतात, मग लाकडी फळीने वेडीवाकडी नागमोडी तीन वेळा फिरवून सपाट करायचं आणि वजन करून त्यावरून भरल्या बुशेलला किती पौंड ते काढायचं. आता बऱ्याच ठिकाणी मशीन हे एकदमच सांगतं, पण जे सांगतं ते तेच. याला टेस्ट वेट म्हणतात. मक्याला पहिल्या प्रतीसाठी ते ५६ पौंड लागतं, दुसऱ्या प्रतीला ५४. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्या भांड्याला बाजारातून काढलं ते प्रत ठरवायला अजून बसलेलंच आहे, कारण वजन 'किती' सांगतं पण दाणा भरलाय की पोकळ ते भांडंच सांगतं. उंची ठरवली, फळी ठरवली, नागमोडी किती वेळा तेही ठरवलं, हात पक्का करायचा राहिला होता ना, तो असा पक्का केला.

मग ओलावा. अमेरिकेत मक्याला १५.५ टक्के आणि सोयाबीनला १३ टक्के हा आधार धरतात. समजा ट्रकमध्ये ५०,००० पौंड मका आहे आणि ओलावा २० टक्के निघाला. काट्यावर भागिले ५६ केलं तर ८९३ बुशेल होतात. पण त्यात कोरडा माल ४०,००० पौंडच आहे, तो १५.५ टक्क्यांवर आणला तर ४७,३३७ पौंड, म्हणजे ८४५ बुशेल. ४७-४८ बुशेल पाणी होतं. त्याचे पैसे मिळणार नाहीत, वर वाळवणीचा खर्च आणि हाताळणीची घट वेगळी कापतात. हे न्याय्यच आहे.

पण याच्या उलट बाजूला जे होतं त्याचा मला राग येतो. सोयाबीन शेतात जास्त सुकलं, ओलावा ९ टक्क्यांवर आला, आणि तसंच विकलं, तर जास्त कोरड्या मालाचा वेगळा पैसा कुणी देत नाही. ९१ भागिले ८७ करून बघा, हजार बुशेल दिले तर खरं म्हणजे १०४६ बुशेलचा कोरडा माल दिला आणि पैसे हजाराचेच आले. साडेचार टक्क्यांच्या वर माल फुकट. धान्यात वजन वाढवायला पाणी घालायला तिथे मनाई आहे, ती असायलाच पाहिजे, पण मग माप एकाच दिशेने कापतं आणि दुसऱ्या दिशेने गप्प बसतं हेही तितकंच खरं. म्हणून जाणते शेतकरी कापणीची वेळ या दोन-चार टक्क्यांवर साधायला धडपडतात, भावाकडे बघतात त्याच्याइतकंच ओलाव्याच्या मीटरकडे बघतात.

महिना. प्रत्येक भावाला महिना चिकटलेला असतो आणि तो वेगळा केला की भावाचा अर्थ जातो. जुलैचं सोयाबीन हे जुन्या पिकाचं असतं, नोव्हेंबरचं नव्या. मक्यात नवं पीक डिसेंबरचं. उन्हाळ्यात कोठारं रिकामी होत आली असतील तर जुलै महाग आणि नोव्हेंबर स्वस्त, माल भरपूर असेल तर पुढचा महिना साठवणूक आणि व्याज धरून महाग. २०१२ च्या दुष्काळात ऑगस्टमध्ये मका आठ डॉलरच्या वर गेला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सोयाबीन जवळपास १८ डॉलरला टेकलं, तेव्हा बाजार शेतकऱ्याला ओरडून सांगत होता की आत्ता विका, ठेवू नका. हे सांगणं दोन महिन्यांच्या भावांतल्या फरकात असतं, एका आकड्यात नसतं.

अमेरिकी कृषी खात्याचा दर महिन्याचा जागतिक पुरवठा-मागणीचा अहवाल उघडलात तर अजून एक वळण. त्यात अमेरिकेचे तक्ते बुशेलमध्ये आणि जगाचे मेट्रिक टनात. एकाच कागदावर पान उलटलं की माप बदलतं. उत्पादकतेचंही तसंच, एकरी ५० बुशेल सोयाबीन म्हणजे हेक्टरी साधारण ३३६० किलो, एका बुशेलला ६७.२५ धरून.

आणि मग जागा, म्हणजे बेसिस. शिकागोचा वायदा आणि प्रत्यक्ष एलेव्हेटरवर मिळणारा हजर भाव यातला फरक. 'नोव्हेंबरच्या ४० खाली' असं बोलतात, म्हणजे वायद्यापेक्षा ४० सेंट कमी. हा फरक बहुतेक वाहतुकीचा असतो. २०२२ च्या शरद ऋतूत मिसिसिपीचं पाणी इतकं उतरलं की बार्ज, म्हणजे माल वाहणारे सपाट तराफे, अर्धवट भरून चालवावे लागले, त्यांची भाडी भडकली, आणि नदीकाठच्या एलेव्हेटरांवर बेसिस कोसळला. एका बार्जमध्ये दीड हजार शॉर्ट टन माल जातो, म्हणजे ५०,००० बुशेल सोयाबीन, दहा लॉट. स्क्रीनवर भाव जागच्या जागी आणि शेतकऱ्याच्या पावतीवर मात्र कमी. त्याला विचारलं असतं भाव काय, तर त्याने स्क्रीनवरचा सांगितलाच नसता.

याहून मोठ्या नकाशावर हेच २०१८ मध्ये दिसलं. मे अखेरीस शिकागोत सोयाबीन दहा डॉलरच्या वर होतं, ६ जुलैला चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि जुलैच्या मध्यात भाव साडेआठच्या खाली. सगळीकडे बातमी एकच, सोयाबीन कोसळलं. पण त्याच वेळी ब्राझीलच्या बंदरांवर शिकागोच्या वरचा प्रीमियम चढत होता, कारण चिनी खरेदीदार सगळे तिकडे वळले होते. ब्राझीलचा शेतकरी आपला माल ६० किलोच्या पोत्यावर विकतो, रियालमध्ये, म्हणजे ब्राझीलच्या चलनात. योगायोग असा की आपलं बुशेल ६० पौंडांचं आणि त्याचं पोतं ६० किलोचं, म्हणून एका पोत्यात बरोबर २.२०४६ बुशेल, किलोत जेवढे पौंड तेवढेच, वेगळं काही पाठ करावं लागत नाही. तोच माल बंदरावर निर्यातदार विकतो तो शिकागो अधिक इतके सेंट प्रति बुशेल अशा भाषेत, आणि जहाजाची कागदपत्रं आणि पैसे होतात डॉलर प्रति मेट्रिक टनाने, आणि चीनमध्ये उतरल्यावर दालियानच्या बाजाराशी त्याची तुलना होते युआन प्रति टनाने. जो माल शिकागो कधी बघणारही नाही त्याच्या भावाची सुरुवात मात्र शिकागोच्या सेंटांनी. त्या जुलैत ब्राझीलच्या शेतकऱ्याच्या पोत्याचा हिशोब लावायचा तर चार गोष्टी लागत होत्या, शिकागोचा वायदा, बंदराचा प्रीमियम, रियालचा दर आणि शेतापासून बंदरापर्यंतचं ट्रकभाडं, आणि यातला पहिला आकडा पडत असताना दुसरा तो पडलेला खड्डा भरत होता.